आठची गोळी

११ मार्च

चि. भिंगरीस ताईचे आशीर्वाद, आणि त्यांच्याआधी क्षमा.

तीन महिने तुला एक ओळ लिहिली नाही. काम होतं हे खरं, पण ते कारण नव्हतं. डिसेंबरात तुझ्या रक्तातलं क्रिएटिनिन वाढल्याचं, म्हणजे किडनीचं काम मंदावल्याचं कळलं आणि तू गोळ्या चुकवतोस असा मी सरळ आरोप केला. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांशी गप्पांत रंगलास की तुला जेवणाचंही भान राहत नाही, असंही लिहिलं. तुझं उत्तर एका वाक्याचं होतं, की नऊ वर्षांत एकही गोळी चुकलेली नाही. ते मला खरं वाटलं नाही, म्हणून गप्प बसले.

परवा तुझ्या बायकोचा फोन आला. तू दवाखान्यात भरती आहेस आणि किडनीचा बारीकसा तुकडा काढून तपासायला दिलाय, असं ती म्हणाली. गोळ्यांची रिकामी पाकिटं ती स्वतः मोजते आणि त्यात कधी एकाचाही फरक पडलेला नाही, हेही तिने सांगितलं. फोन ठेवला आणि मला माझीच लाज वाटली.

मग दुसराच किडा डोक्यात शिरला. मी तुला दिलेली किडनी किती वर्षं टिकेल हे पुष्कळ गोष्टींवर अवलंबून असतं, असं डॉक्टरांनी तेव्हा आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. दोघांची जुळणी, घेणाऱ्याचा रक्तदाब, साखर, औषधं, आणि देणाऱ्याचं वय. मी तेव्हा सदतीस वर्षांची होते. म्हणजे माझा मालच जुना निघाला का? कालपासून छापखान्यात मुद्रितं तपासताना एकेका पानावर दोनदा परत जावं लागतंय.

फोनवर तू थट्टा करतोस आणि मला रडू येतं, म्हणून पत्रच बरं. रिपोर्ट आला की जे असेल ते कळव. गोड करून लिहू नकोस.

रागावण्याचा हक्क तूर्तास गमावलेली,
ताई


१९ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार. पोटावर झोपायला अजून मनाई आहे, म्हणून तो मनातल्या मनात.

आधी बातमी: किडनी वाचली. शरीराने तिच्याशी भांडायला नुकती कुठे सुरुवात केली होती. तीन दिवस सलाइनमधून औषध दिलं. क्रिएटिनिन दोन पूर्णांक एकवर गेलं होतं, ते काल दीडवर आलं. पूर्वीचा आकडा कदाचित पुन्हा दिसणार नाही, पण इथे स्थिरावलं तरी पुष्कळ वर्षं निघतील, असं डॉक्टर म्हणाले. गोड केलेलं नाही, जसंच्या तसं लिहिलंय.

आता चूक. इथल्या सिस्टरबाईंनी मला तपासणीच्या दिवसाची सकाळ मिनिटामिनिटाने सांगायला लावली. मी ऐटीत सांगितलं, की आठच्या ठोक्याला गोळी आणि साडेनऊला रक्त. त्यांनी पेन खाली ठेवलं. रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं असतं म्हणे, म्हणजे अंगात औषध कमीत कमी किती उरतं ते कळतं. पूर्वी माझं रक्त साडेसातलाच घ्यायचे, त्यामुळे आपोआप बरोबर व्हायचं. जुलैत प्रयोगशाळा दुसऱ्या इमारतीत गेली आणि माझी वेळ साडेनऊची झाली. मी आपला आठला गोळी घेऊनच रांगेत. रक्तात औषध भरपूर दिसलं, म्हणून डॉक्टरांनी डोस कमी केला, आणि खरं तर शरीराला आवरायला ते कमीच पडू लागलं. वेळ बदलल्यावर काय करायचं हे मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

असं कोणी शिकवलं, असं सिस्टरबाईंनी विचारलं. आकाश कोसळलं तरी आठची गोळी आठलाच, हे तुझं फर्मान माझ्या आरशावर नऊ वर्षं चिकटलेलं आहे. पण तुझं नाव मी फोडलं नाही. एवढा तरी भाऊ आहे.

तुझ्या मालात काही खोट नाही, असं डॉक्टरांकडून वदवून घेतलंय. आणि दोष स्वतःकडे ओढून घेत बसू नकोस, तुला ती सवय आहे.

बहिणीच्या किडनीच्या जिवावर आरामात लोळत असलेला,
भिंगरी


२४ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद, या वेळी क्षमा न मागता.

तुझं पत्र छापखान्याच्या जिन्यातच उभ्याने वाचलं. किडनी वाचली, इथपर्यंत आले आणि पायरीवर बसले. शेजारच्या बाईंनी पाणी आणून दिलं, कोण गेलं असं विचारलं. कोणीच गेलं नाही, असं सांगताना मला हसू आवरेना. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

दोष घेऊ नकोस म्हणतोस. सगळा घेत नाही, पण माझ्या वाट्याचा सोडणारही नाही. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात आयुष्य गेलं, आणि माझ्या एका ओळीला अपवाद जोडायचं मला सुचलं नाही. वर तुझ्यावर अविश्वास दाखवला, तो त्या ओळीहून वाईट. आरशावरचा कागद काढून टाक. नवीन काय लिहायचं ते सिस्टरबाईंना विचार, मला नको.

आणखी एक कबुली. नऊ वर्षं तुझ्या किडनीचे आकडे मी डायरीत उतरवतेय. काल सहज मागची पानं चाळली, तर माझ्या स्वतःच्या तपासणीची शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची निघाली. दरवर्षी करायची, असं मलाही बजावलं होतं. कोणी मला विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. आता रागावण्याची पाळी तुझी. भरपूर रागाव.

माया आहेच, ती मोजायला रक्त द्यावं लागत नाही.

ताई

ता.क. डायरीत आजच नोंद केली आहे, उद्या: कामावर जाण्याआधी रक्त-लघवी तपासायला देणे आणि रक्तदाब मोजून घेणे.