कॅबिनेट लहान की मोठं

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

अर्ध्या तासात वर्तमानपत्राचं पान लावणारा मी, आज जुन्या शहरातल्या दुकानात दोन तास बसूनही एक कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा बाहेरचा डबा, ठरवू शकलो नाही. लेकीसाठी, अस्मितासाठी, गेमिंगचा कॉम्प्युटर जुळवतोय. ती अमरावतीला शिकते, कॉलेजच्या टीममधून खेळते. प्रोसेसर ठरला, ग्राफिक्स कार्ड ठरलं. मग दुकानदारानं विचारलं, "सर, मशीन ठेवसान कुठी?"

मी मनात हिशेब करू लागलो. लहान कॅबिनेट ती बसमधून खोलीवर नेईल. मोठं इथंच घरी राहील. "आपल्या उन्हाळ्यात लहान डबा तापते," तो म्हणाला, आणि मला हवं ते कारण मिळालं. तिथूनच तिला फोन लावला, मोठं घेतोय म्हणालो.

"काहून बाबा? आमाले सांगता मथळा छोटा पाहिजे, अन् डबा कपाटाएवढा?"

"लहान तापते गं."

"बरं, तुमी म्हणता तर."

इतक्या लवकर ऐकलं, तेच खुपतंय; म्हणून ऑर्डर न देताच घरी आलो. उन्हाचं कारण खोटं नाही. पण मशीन इथं असलं तर ती दर शनिवारी येईल, हे मनात होतं की नव्हतं? होतं बहुतेक. तिचा सराव मात्र रोजचा, आणि तो अमरावतीत.

मशीन ठेवसान कुठी? मी उत्तर शोधत का बसलो? खेळणार ती. उद्या हाच प्रश्न तिला विचारायचा, उन्हाचं नाव न काढता. अमरावती म्हणाली तर लहान. आत्ताच लिहून ठेवतो, म्हणजे सकाळी शब्द फिरवता येणार नाही.