उरलेले बारा

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून श्वास माझ्या ताब्यात. काल ऑनलाइन वर्कशॉप पूर्ण केलं. दोन तास. सर्टिफिकेट मेलवर आलं: ब्रेथ कोच, लेव्हल वन. लेव्हल टूची मला गरज वाटत नाही.
श्वास रोखला: ४१ सेकंद. मन तयार नव्हतं, म्हणून ६० धरायला हरकत नाही.
टार्गेट: १६ तारखेपर्यंत तीन मिनिटं.

त्याच दिवशी, ७.३०
प्रणोतीला सांगितलं की माणूस ठरवेल तेव्हाच श्वास घेतो. पोरगी अकरावीत, बायोलॉजी घेतलंय. म्हणाली, पापा, मेंदूतल्या ब्रेनस्टेमला तुमची परमिशन नाही लागत. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की तो श्वास घ्यायला लावतो. कितीही रोखा, तो आपला घेऊनच घेतो. मी म्हटलं, बेटा, सिलॅबस वेगळा, अनुभव वेगळा. म्हणाली, ओके पापा.
नवीन पिढीत जिज्ञासा नाही.

४ नोव्हेंबर
१६ला आपल्या गोरखपूर मोहल्ल्यात मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन. बापूसाहेब अध्यक्ष, त्यांना फोन करून वीस मिनिटं मागितली. दहा दिली. विषय: 'श्वास माझा, कंट्रोल माझा'.
श्वास: ३९. थंडी आहे.

६ नोव्हेंबर
बाबांना चेकअपला नेलं. बाबांनी खमरियाला फॅक्टरीत पस्तीस वर्षं इन्स्पेक्शन केलं. माल बघायचा, पास की रिजेक्ट. रिटायर झाले, सवय नाही गेली. आता माल म्हणजे मी.
चाळीस वर्षं सिगरेटी. फुप्फुसं गेली. आता नाकात नळी, बाजूला ऑक्सिजनचं मशीन. एका श्वासात चार शब्द जमतात. चारही माझ्यावरच खर्च करतात.
डॉक्टरांनी बोटाला क्लिप लावली. ऑक्सिजन ८९. म्हणाले, छान! ह्यांचं ८८ ते ९२ राहू द्या, वर नको. मशीन एक लिटरवर. मीटरच्या नळीतला बॉल एकच्या रेघेवरच राहू द्या, नॉबला हात लावायचा नाही.
छान?
दहावीला गणितात मला ८८ होते. मार्कशीट बघून बाबा म्हणाले होते, उरलेले बारा कुठं गेले? अठ्ठावीस वर्षं झाली. माझ्या लग्नात, व्याह्यांसमोर, परत विचारलं. आमच्या घरात ८८ला कोणी छान म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
प्लॅन. संमेलनात बाबांना स्टेजवर बसवायचं. बोटाला क्लिप. मी शेजारी उभा, सूचना देऊन राहिलो, आणि आकडा १००. सगळ्या समाजासमोर. मग बघू बाबा काय विचारतात.
आजपासून त्यांचं ट्रेनिंग. म्हटलं, बाबा, पोटातून श्वास घ्या.
म्हणाले, तुझं पोट बघ आधी.

११ नोव्हेंबर
बाबा: ८९, ८९, ९०. सहकार्य शून्य.
मी: ४२. म्हणजे जवळपास ४५.

१२ नोव्हेंबर
बायको, विनीता, शाळेत शिकवायला, प्रणोती कोचिंगला. शांतपणे विचार केला. पोहायला शिकताना कमरेला ट्यूब बांधतात, त्याला काय कोणी चीटिंग म्हणतं? बॉल एकवरून दोनवर नेला.
९४! माझ्या टेक्निकचा रिझल्ट. बॉलचाही थोडाफार वाटा.
मीटरवर टॉवेल टाकून ठेवला. धूळ बसते.

१३ नोव्हेंबर
तीन लिटर. ९६. बाबांचं सकाळपासून डोकं दुखून राहिलं. शरीरातली घाण निघते तेव्हा दुखतं, वर्कशॉपमध्ये सांगितलं होतं.
विनीतानं विचारलं, टॉवेल काहून? म्हटलं, धूळ. म्हणाली, आजवर पंखा पुसला नाही तुम्ही.

१४ नोव्हेंबर
चार लिटर. ९८.
आज बाबांनी पोह्यांना नावं ठेवली नाहीत. लग्नाला अठरा वर्षं झाली, विनीताच्या पोह्यांना पहिल्यांदाच. ती घाबरली. म्हणाली, अहो, बाबा बरे नाहीत. मी म्हटलं, बरे आहेत म्हणूनच. ह्या बाईला माणूस सुधारलेला बघवत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
पाच लिटर. मशीन ह्यापुढे जात नाही.
बाबांना हात पुढे धरायला लावले. पंजे फडफडून राहिले, पाखरासारखे. ऊर्जा!
बाबांनी विनीताला प्रमोदिनी म्हणून हाक मारली. प्रमोदिनी म्हणजे माझी आई, जाऊन नऊ वर्षं झाली. भावना मोकळ्या होऊन राहिल्या. विनीता म्हणाली, डॉक्टरांना फोन करते. मी म्हटलं, उद्याचा कार्यक्रम होऊ दे.
दुपारभर झोपले. श्वास मिनिटाला नऊ. असा योग्यांचा असतो.
४.४० ला १००! फोटो काढला. हलवून उठवलं, आकडा दाखवला. 'हं' म्हणाले. बस. काहीच विचारलं नाही.
पास.
माझा श्वास: ३७. सगळं दुसऱ्याला देऊन राहिलो ना.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९
कुर्ता घालायला बाबांना उठवलं. उठले नाहीत. गाढ विश्रांती.
प्रणोती आली. आजोबांच्या छातीवर हात ठेवून घड्याळ बघत बसली. मिनिटाला सात. मग तिनं टॉवेल ओढला. पापा, ये क्या किया आपने? एवढ्या मोठ्यानं बोलताना तिला कधी ऐकलं नव्हतं.

दुपारी १
हॉस्पिटल. बाबांच्या तोंडावर मोठा मास्क, मशीन हवा आत ढकलून राहिलं. डॉक्टर म्हणाले, ह्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड बरीच वर्षं साचलेला आहे. जास्त ऑक्सिजन दिला की तो आणखी साचतो, डोळ्यांवर झापड येते, श्वास मंदावतो. तुम्ही दुपारपर्यंत थांबला असता तर झोपेतच गेले असते.
बॉल कोणी चढवला, विचारलं. मी म्हटलं, मशीन जुनं आहे, थरथरतं, कधी कधी आपोआप चढतो.
प्रणोती माझ्याकडे बघत होती. विनीता बघत नव्हती.
नोंद असावी: १०० आले होते. फोटो आहे.

संध्याकाळी ७.३०
बाबा मास्कवर, तिथं माझं काय काम? स्कूटर काढली, गोरखपूर गाठलं. उशीर झाला म्हणून बापूसाहेबांनी दहाची पाच मिनिटं केली. भाषण कापलं, सरळ डेमो. माइक तोंडाशी धरला आणि श्वास रोखला. मनात पक्कं: तीन मिनिटं.
त्रेचाळिसाव्या सेकंदाला मी घेतला नाही. घेतला गेला. रिकाम्या ग्लासात स्ट्रॉ ओढावी तसा आवाज, पूर्ण हॉलमध्ये. पहिल्या रांगेतल्या एक काकू हसल्या, मग सगळेच. बापूसाहेब म्हणाले, चलो, पुढचा आयटम.
खाली उतरलो तर बाबांचं विचारलं, विष्णुपंत नाही आले? मी म्हटलं, मजेत आहेत. आराम करून राहिले.

१७ नोव्हेंबर
हॉलचं वेंटिलेशन खराब होतं.

१९ नोव्हेंबर
बाबांचा मास्क निघाला. शुद्धीवर आहेत. मला बघून डोळे मिटले. थकवा असेल.

२४ नोव्हेंबर, सोमवार
बाबा घरी. मशीनच्या नॉबवर पांढरी चिकटपट्टी, त्यावर प्रणोतीच्या अक्षरात: 'एक लिटर. पापांनी हात लावू नये.' विनीता माझ्याशी भाजीपुरतं बोलते.
सकाळी बाबांनी पोह्यांचा एक घास खाल्ला आणि म्हणाले, मीठ कोणाच्या घरी ठेवलं? विनीता ओट्याशी उभी राहून रडली. हसतही होती. बायकांचं कळत नाही.
मग मी क्लिप लावली. ८९. मी म्हटलं, छान, बाबा.
बाबांनी माझ्याकडे बघितलं. क्लिप काढली, माझ्यापुढे धरली, मानेनं खूण केली: लाव. मी लावली. मी कोच, मला काय भीती! आकडा थांबेपर्यंत दोघंही बघत होतो.
९९.
सरळ हात नेऊन त्यांना दाखवला. बाबांनी बराच वेळ बघितला. खांदे वर घेतले, दोन-तीन दमांत श्वास जमवला. मला वाटलं, आता म्हणतील.
म्हणाले, उरलेला एक कुठं गेला?
बोट शर्टाला पुसलं. पोटातून श्वास घेतला. परत लावलं.
९८.