जिन्याखालचा क्रांतिकारक

नागपूर, २ जून २०२५

चि. शिला हिस,
अनेक मंगलकामना.

तू माझा फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. आईलाही कुणी पत्र वाचून दाखवलं की बरं वाटतं.

बातमी अशी, की आपण जिंकलो. तुमच्या इंदूरला ते राष्ट्रीय स्वातंत्र्य संग्रहालय उभं राहतंय, त्यात आपल्या समाजाचा एकही माणूस नाही म्हणून आमच्या संघटनेने वर्षभर निवेदनं दिली, दोनदा तिथे येऊन धरणं धरलं. शेवटी समितीचे अध्यक्ष यशवर्धनजी यांनी आम्हाला बोलावून चहा पाजला. म्हणाले, तिसऱ्या दालनात जिन्याखाली एक कोपरा रिकामा आहे, पंधरा ऑगस्टच्या आत एखादा माणूस द्या. मी संघटनेचा अध्यक्ष या नात्याने आपल्या बाबांचं नाव दिलं. आता बिगुलर कचरू हे नाव सगळा देश वाचेल.

फोटो मी दिलाच आहे. बिगुल तुझ्याकडे आहे. समितीचा माणूस न्यायला येईल, त्याला देऊन टाक. त्याला पोहे खाऊ घाल, पण उलटतपासणी घेऊ नकोस. नर्सची नोकरी संपून तुला पाच वर्षं झाली, तरी येणाऱ्याजाणाऱ्याला तू पेशंटसारखंच धारेवर धरतेस.

आईला नमस्कार सांग. तू रागावलीस तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
संघदीपदादा

---

परदेशीपुरा, इंदूर, ११ जून

ती. दादास,
सविनय जयभीम वि. वि.

पत्र पोचलं. आईला वाचून दाखवलं, फक्त जिन्याचा उल्लेख गाळला. तिला उगाच वाटायचं, की चपला काढायची जागा दिली.

समितीचा माणूस यायच्या आत मीच संग्रहालय बघून आले. उद्घाटन व्हायचंय, पण दवाखान्यातली ओळख कामी येते. इमारत भव्य आहे. भांडणंही तितकीच भव्य आहेत. एक गट म्हणतो राजघराणं कमी दाखवलं, दुसरा म्हणतो फार दाखवलं, आणि आमच्या इथले गिरणीकामगार म्हणतात की आमच्या संपाला निदान एखादं कपाट तरी द्या. वाद नाही तो फक्त तळमजल्यावरच्या कचोरीच्या दुकानावर. ते सगळ्यांना मंजूर आहे.

मधल्या दालनात यशवर्धनजींच्या पणजोबांचा पुतळा आहे. इंग्रज रेसिडेंटसाहेबाला हार घालतानाचा त्यांचा फोटो इंदुरात कुणी पाहिला नाही? पण खाली लिहिलंय, की ते मनातून क्रांतिकारक होते. असे मनातून क्रांतिकारक तिथे भिंतभर आहेत. एवढे सगळे असताना इंग्रज इथे इतकी वर्षं राहिले कसे, हे मात्र कुठल्याच फलकावर लिहिलेलं नाही.

मग जिन्याखाली गेले. बाबांचा फलक तयार आहे. त्यावर म्हटलंय, की गोऱ्या अधिकाऱ्याने सलामी वाजवायला सांगितली तेव्हा वीर कचरू यांनी बिगुल त्याच्या पायांवर फेकला आणि चाबकाचे फटके खाल्ले. दादा, बाबा बिगुल गादीवर ठेवायचे आणि स्वतः जमिनीवर झोपायचे. त्याला एकदा पोचा पडला तर दोन दिवस जेवले नव्हते. ही गोष्ट समितीला सांगितली कुणी?

बिगुल मिळणार नाही. दर चौदा एप्रिलला महूला आपल्या गल्लीची मिरवणूक तो वाजल्याशिवाय निघत नाही, आणि तो मी वाजवते, कारण तुझे लहानपणी गाल दुखायचे. समितीच्या माणसाला पोहे मिळतील. वर इंदुरी जिरावण मसालाही भुरभुरीन.

वडीलकीचा हात डोक्यावर असू दे, फार जोरात नको.

तुझी,
पंचशीला

---

नागपूर, २० जून

चि. शिला हिस,
मंगलकामना.

विचारलंस म्हणून सांगतो. मी यशवर्धनजींना एवढंच म्हणालो, की बाबांच्या मनात इंग्रजांबद्दल राग होता. ते म्हणाले, राग दिसला पाहिजे. पुढचं त्यांच्या लेखकाने केलं. मला वाचून दाखवलं आणि मी सही केली.

आता जरा शांतपणे ऐक. बाबा इंग्रजांच्या फौजेत पगारी बिगुलर होते असं खरं लिहिलं, तर तो कोपरा एका दिवसात आपल्या हातून जाईल. आणि लोक म्हणतील, बघा, यांना जागा दिली तर यांच्याकडे माणूसच नव्हता. हार घालणाऱ्यांचे पुतळे मध्यभागी उभे आहेत, त्यांच्या पणतवंडांना रात्री छान झोप लागते. खरं बोलायचा मक्ता आपल्याच घराने घेतलाय का? त्या जिन्यावरून आपली हजारो पोरं जातील. त्यांना तिथे एक आपला चेहरा दिसावा, एवढंच मला हवं आहे. हे मागणं तुला लबाडीचं वाटत असेल तर वाटो.

बिगुल ठेव तुझ्याकडे. समितीने तुमच्या सियागंज बाजारातून नवा पितळी बिगुल घेतला आहे आणि त्याला ॲसिड लावून जुना केला आहे. उद्घाटनाला आईला वीरपत्नी म्हणून स्टेजवर बसवणार आहेत. मी न्यायला येईन. फलकावर काय आहे ते तिला सांगू नकोस.

तुझ्या मनात माझी जागा असू दे, जिन्याखाली का होईना.

संघदीपदादा

---

परदेशीपुरा, २ जुलै

ती. दादास,
सविनय जयभीम वि. वि.

सांगू नको म्हणालास आणि मी सांगितलं. नव्वदी ओलांडलेल्या बाईला तिच्याच नवऱ्याबद्दल फसवायचं, एवढी मी अजून राष्ट्रीय झालेली नाही.

मला वाटलं ती चिडेल. ती हसली. मग तिने मला जे सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं, तूही ऐकलं नसशील. बाबांच्या खानदेशातल्या गावात आपल्या लोकांच्या वरातीला वाजवत जायची मनाई होती. आजोबांची वरात चोरासारखी मुकाट्याने निघाली होती. त्याच घरातला पोरगा अठराव्या वर्षी महूच्या छावणीत उभा राहून बिगुल वाजवायचा, आणि गोरे साहेबसुद्धा बिछान्यातून उठून रांगेत यायचे. आई म्हणाली, की बाबांनी तिला हे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं. इंग्रजांचा झेंडा उतरला त्या दिवशीही त्यांनीच वाजवलं, एक सूर न चुकता. काम म्हणजे काम, असं ते म्हणायचे.

मी हे सगळं लिहून समितीला नेऊन दिलं. यशवर्धनजी फार अदबीने बोलले. म्हणाले, दीदीजी, बात तो सही है, पण यात इंग्रज बरे दिसतात आणि आपलं गाव वाईट दिसतं. मी म्हटलं, भियाजी, गाव तसं होतं त्याला मी काय करू. त्यांनी माझ्यासाठी कचोरी मागवली.

मी उद्घाटनाला पाऊल ठेवणार नाही. आई मात्र येते म्हणतेय. का, ते सांगत नाही. मला तुझा राग आलाय दादा, आणि तुझं म्हणणं पुरतं खोटंही वाटत नाही, त्याचा जास्त राग आलाय.

भांडण चालू ठेवून लोभ असावा.

पंचशीला

---

नागपूर, २६ ऑगस्ट

चि. शिला हिस,
अनेक मंगलकामना.

उद्घाटनानंतर आईला दारात सोडलं तेव्हा तूही बोलली नाहीस आणि मीही. तिने तुला तिच्या परीने सांगितलं असेल, पण माईकवर काय चाललं होतं ते तिला नीट ऐकू येत नव्हतं.

स्टेजवर तिला शाल दिली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. ती बोलली, शुद्ध मराठीत. माझ्या मालकाने बिगुल कधी फेकला नाही, तो इमानाने वाजवला, फलकावर लिहिलंय ते त्यांचं नाही, असं. समोर सगळी हिंदी माणसं. सूत्रसंचालन करणारी पलक नावाची मुलगी क्षणभर गडबडली, मग गोड हसून म्हणाली, की माताजी सांगतायत, पतीने अंग्रेजांच्या तोंडावर बिगुल फेकून मारला. टाळ्यांचा कडकडाट झाला. यशवर्धनजींनी डोळे पुसले.

आईला हिंदी तुझ्यामाझ्यापेक्षा चांगलं येतं. एवढं तिच्या कानावर पडलंच. ती त्या मुलीवर रागावली नाही. तिने पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, की संघदीप, आता तू सांग.

शिला, संघटनेची चाळीस माणसं माझ्या मागे निळे फेटे बांधून बसली होती. मी वर गेलो आणि आई जे बोलली ते हिंदीत सांगितलं. वरातीचंही सांगितलं. फलकाला सही माझी आहे, हेही सांगितलं. एकही टाळी पडली नाही. शेवटच्या वाक्याच्या आधीच माईक बंद झाला, लाइट गेली असं जाहीर झालं, आणि दिवे सगळे चालू होते.

संघटनेने मला अध्यक्षपदावरून काढलं. समाजाची जागा घालवली, असा ठरावच केला. ते अगदीच चुकीचं म्हणत नाहीत. रात्री पडल्यापडल्या मला तो जिना आणि त्यावरून जाणारी पोरं दिसतात.

काल समितीचं पत्र आलं, सोबत बाबांचा फोटो. कुटुंबाच्या आक्षेपाचा आदर करून समितीने फलकावरून कचरू हे नाव काढलं आहे. तिथे आता 'एक अज्ञात वीर' असं लिहिलंय. बिगुल फेकणं, चाबूक, सियागंजचं पितळ, सगळं जागच्या जागी आहे. त्यांना गोष्ट पसंत होती, माणूसच तेवढा अडचणीचा होता.

तू फोन घेणार नाहीस म्हणून मी तुझ्या शेजारच्या बेबीताईंच्या फोनवर आईला हे सांगितलं. मला वाटत होतं, ती म्हणेल की एवढं करून काय मिळवलंस. ती म्हणाली, की गोष्ट त्यांचीच होती, त्यांच्याकडे राहू दे. आपला माणूस आला ना परत? मग त्याला टपालाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये.

रविवारी सकाळच्या गाडीने बाबांना घेऊन येतो. दार उघडशील एवढा लोभ असू दे.

तुझा,
दादा