संपर्कव्यक्तीची सुट्टी

प्रिय वकीलबाई,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा दुखायचा तेवढाच दुखतोय, मांजर तुझ्या खुर्चीवरून हलायला तयार नाही, आणि परवाच्या वाऱ्यात स्टेशनवरची छोटी डिश जराशी फिरली होती ती आपल्या मेकॅनिक पानाबाईने दुपारच्या आत जागेवर आणली. फोन सोडून बाबांना पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं तू विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. तुझी उलटतपासणी सुरू झाली की मी दोन वाक्यांत गारद होतो. घरात तुला वकीलबाई उगाच नाही म्हणत. कागदावर निदान माझं म्हणणं शेवटपर्यंत पोचेल.

गेल्या रविवारी तू जे बोललीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. तू म्हणालीस, दहा वर्षं त्या परवाना विभागात बसून उपग्रह-संपर्काचे अर्ज आणि ते कसे भरावेत याच्या पुस्तिका लिहिते आहे, पण वाचतंय कोण? नियमाप्रमाणे दर काही वर्षांनी तुम्ही लोकांना विचारता, की बाबांनो, हा अर्ज भरायला किती वेळ लागतो, यातलं काय नको, काय हवं. हरकती आणि सूचना मागवता, मुदत संपेपर्यंत वाट बघता आणि शेवटी ‘एकही सूचना आली नाही’ असं लिहून फाईल मिटता. या खेपेला तर पुस्तिका आटोपशीर करायची म्हणून तुझंच एक वाक्य साहेबांनी खोडलं, कोणी वाचत नाही हे कारण देऊन. त्यापेक्षा राजीनामा देते आणि घरी येते, म्हणालीस. वर म्हणे, तुमचे कान आता साथ देत नाहीत, परवान्याचं नूतनीकरणही आलंय, आपलं उपग्रह-स्टेशन मीच सांभाळते.

खोटं कशाला बोलू, मला क्षणभर आनंद झाला. तुझी आई तर लगेच तुझ्या खोलीतली गादी उन्हात टाकायला गेली. पण संध्याकाळी ती गादी आत आणली तेव्हा दोघांचाही आनंद ओसरला होता. तुला हे काम किती आवडतं ते आम्हाला ठाऊक आहे. पहिल्या पुस्तिकेची छापील प्रत तू पाठवली होतीस, तेव्हा आईने ती शेजारीपाजारी दाखवली होती. कोणाला काही कळलं नाही, पण सगळ्यांनी पानं उलटून कौतुक केलं. तू घरी ये, कधीही ये, घर तुझंच आहे. पण हिरमुसून येऊ नयेस असं मला वाटत होतं, आणि त्यावर काय करावं ते सुचत नव्हतं.

मग मनात आलं, एक तरी सूचना आपण पाठवू. फाईल मिटताना ‘एक सूचना आली’ असं लिहिता येईल, एवढंच. शिवाय तुझं खोडलेलं वाक्य कोणतं तेही बघू. तू काही सांगणार नाहीस, कारण घरच्या अर्जाला हात लावायचा नाही आणि ऑफिसचं घरी बोलायचं नाही हा तुझा बाणा. फक्त दर खेपेला फोनवर विचारायचीस, बाबा, पुस्तिका वाचलीत का? आणि मी दर खेपेला हो म्हणायचो.

आपल्या घरी अर्ज कसा भरला जातो ते तू लहानपणापासून बघितलंस. स्वयंपाकघरातलं टेबल पुसायचं, मागच्या वेळच्या अर्जाची प्रत काढायची, आई वाचणार आणि मी नव्या कागदावर उतरवणार. डिशचा व्यास? तेच ते. उंची? तेच ते. उपग्रह? तेच ते. तू पलीकडे गृहपाठ करत असायचीस आणि आमच्यासारखंच ‘तेच ते’ म्हणून चिडवायचीस. या पद्धतीचा मला फार अभिमान होता. त्यात चूक होण्याचा सवालच नव्हता, कारण काही बदलतच नव्हतं. परवा कळलं की फॅक्सचा नंबरही आम्ही इमानेइतबारे उतरवत आलोय. ते मशीन मी स्वतः भंगारात घातलं, त्याला किती काळ लोटला हे मलाही आठवत नाही.

आणि शेवटच्या पानावर तो रकाना. चोवीस तास उपलब्ध असणारी संपर्कव्यक्ती. आपल्या डिशची लहर भरकटून दुसऱ्याच उपग्रहाला त्रास देऊ लागली, तर एका फोनवर यंत्र बंद करणारा माणूस. तिथे माझं नाव. पहिल्या परवान्यापासून माझंच. त्या नावापायी मी आधी लांब वायरचा फोन घरभर फिरवला, मग मोबाइल उशाशी घेऊन झोपलो. अंघोळीला गेलो की आई दाराबाहेर फोन धरून उभी. बहुतेक फोन चुकीचेच. एका गृहस्थांना तर कित्येक महिने मी पावाची बेकरी वाटत होतो, आणि शेवटी मी त्यांना बेकरीचा खरा नंबर शोधून दिला. पण एकदा खरोखर फोन आला. तू सहावीत असशील. ऐन जेवणात, वादळ घोंघावत असताना. मी उष्ट्या हाताने धावत जाऊन यंत्र बंद केलं. दुसऱ्या दिवशी कळलं की आपल्या फिरलेल्या डिशमुळे एका जहाजाचं बोलणं तुटत होतं, ते लगेच सुरू झालं. त्या जहाजावर कोण होतं ते मला कधी कळलं नाही. पण त्या दिवसापासून त्या रकान्याला मी नावं ठेवली नाहीत. तो असायलाच हवा.

त्याची किंमत मात्र तू दिलीस असं तुझी आई म्हणते. सुट्ट्या लागल्या की मावशीकडे डोंगरात जायचं ठरायचं, आणि ऐनवेळी मी मागे राहायचो. एका वर्षी तू बॅग घेऊन फाटकात ठाण मांडलंस. बाबा आल्याशिवाय बसमध्ये चढणार नाही. मी तुला रीतसर समजावलं की बाबा संपर्कव्यक्ती आहेत, त्यांना फोनपासून लांब जाता येत नाही. त्यावर कमरेवर हात ठेवून तू विचारलं होतंस, संपर्कव्यक्तीला सुट्टी नसते का? मी म्हटलं, नसते, नियमच तसा आहे. तू म्हणालीस, मग नियम चुकीचा आहे. वकीलबाई हे नाव तुला त्याच दिवशी पडलं. तू आईबरोबर गेलीस, पण बसच्या मागच्या काचेतून मला चांगली जीभ काढून दाखवलीस.

तू नोकरीसाठी तिकडे गेलीस, तेव्हाही तेच. तुझ्या गावाच्या वाटेवर अर्धा दिवस डोंगरच डोंगर, फोनला रेंज नाही. आई दरवर्षी तुझ्याकडे राहून यायची, आणि तुझी खोली कशी आहे, खिडकीतून काय दिसतं, तू कशी कपडे खुर्चीवर टाकतेस हे मला सविस्तर सांगायची. आकाशातल्या उपग्रहापर्यंत लहर पोचवणारा माणूस लेकीच्या घरी पोचू शकत नाही, असा टोमणाही मारायची. मी हसण्यावारी न्यायचो. आतून बरं वाटायचं नाही, पण नियम म्हणजे नियम.

तर सोमवारी मी चष्मा पुसून बसलो. खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. विभागाचा अंदाज असा की अर्ज भरायला चार तास लागतात. मी भांडायच्या तयारीत होतो. आईला घड्याळ घेऊन समोर बसवलं. पण पुस्तिका इतकी सरळ लिहिली आहे, की मला भांडायला जागाच सापडेना. यंत्राची ताकद कशी मोजायची हे मी पानाबाईला इतकी वर्षं शिकवतोय, ते तू माझ्याहून सोपं करून सांगितलंस. मध्येमध्ये मी आईला मोठ्याने वाचून दाखवत होतो. ती म्हणाली, पुरे झालं कौतुक, घड्याळ चालू आहे.

सूचनांसाठी तुम्ही जाहीर केलेल्या या नव्या मसुद्यात काढून टाकायच्या ओळींवर रेघ मारलेली आहे. तुझं वाक्य कोणतं ते कसं ओळखायचं, याची मला काळजी होती. पण शेवटच्या पानावर, माझ्या त्या रकान्याच्या टिपेत, रेघेखाली ते होतं. ‘चोवीस तास संपर्कासाठी एकाहून अधिक व्यक्तींची नावे पाळीनुसार देता येतील, संपर्कव्यक्तीलाही सुट्टी असते.’

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचता आलं नाही. आईने विचारलं, काय झालं, अंक चुकला का? मी पुस्तिका तिच्यापुढे सरकवली. तिने चष्माही लावला नाही. तिला माहीत होतं! तू नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी ते वाक्य घातलंस, साहेबांशी वाद घालून ते मंजूर करून घेतलंस, हे तू तिला तेव्हाच सांगितलं होतंस म्हणे. आणि बजावलंही होतंस, की बाबांना सांगू नकोस, त्यांचं त्यांना सापडू दे. मायलेकी आठ वर्षं वाट बघत बसलात! मी चिडलो तर आई शांतपणे म्हणाली, तुम्ही वाचलीय म्हणत होतात, मग खोटं कोण बोललं? या घरात मला एकही खटला जिंकता येत नाही. मग मला रडू आलं, आणि ते बघून तिलाही आलं, आणि घड्याळाकडे बघायचं राहूनच गेलं. वेळ मोजण्याचं आमचं शास्त्रीय काम तिथेच बुडालं.

सूचना काल पाठवली. विभागाच्या पत्त्यावर, माझ्या नावानिशी, आणि माझी मुलगी याच विभागात आहे हेही सुरुवातीलाच लिहून टाकलं, उगाच तुझ्यावर बालंट नको. तुझ्या टेबलावर ती आली तर तू नियमाप्रमाणे बाजूला हो, दुसऱ्या कोणाला वाचू दे. मी लिहिलंय की फॅक्सचा रकाना काढावा. डिश जागची हलली नसेल तर तिचा पत्ता दर खेपेला विचारू नये. संपर्कव्यक्तीचा रकाना राहू द्यावा, त्याचं मोल मी बघितलं आहे. आणि त्याच्या टिपेतलं शेवटचं वाक्य काढू नये. चार तासांचा अंदाज रास्त वाटतो, असंही लिहिलं, पण अर्जदाराने पुस्तिका वाचली असेल तरच. मी वाचली नव्हती, म्हणून मला आठ वर्षं लागली. हे शेवटचं वाक्य आईला आगाऊपणाचं वाटलं, पण मी ठेवलं.

मग पानाबाईला बोलावलं. इतकी वर्षं आपल्याकडे डिशवर चढते आहे, खिशातला पाना जेवतानाही काढत नाही, भरकटलेली लहर माझ्याआधी तिला कळते. तिला म्हटलं, त्या रकान्यात माझ्याबरोबर तुझं नाव घालू का? मला वाटलं तिला दडपण येईल. ती म्हणाली, घाला की, मी आपली वाट बघत होते तुम्ही कधी विचारताय. म्हणजे ही पण! तो रकाना मी मनातल्या मनात तुझ्यासाठी राखून ठेवला होता, हे मला तिचं नाव लिहिताना कळलं. लिहून झालं आणि हलकं वाटलं. पाळीचा तक्ता तिनेच केला, आणि पहिला आठवडा स्वतःकडे घेतला.

आता या पत्राचं खरं कारण. येत्या गुरुवारी सकाळच्या बसने आम्ही दोघं तुझ्याकडे निघतोय. डोंगरात फोन लागणार नाही, उगाच लावत बसू नकोस. तसाही तो पानाबाईच्या खिशात असेल, पान्याशेजारी. तुझी खिडकी, खुर्चीवरचे कपडे, सगळं मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय, तेव्हा आवराआवर करू नकोस. राजीनामा लिहिला असशील तर मी येईपर्यंत टेबलावरच राहू दे. त्यावर हरकत घेण्याचा मला हक्क आहे आणि मुदत अजून संपलेली नाही. राहायचं की यायचं ते तूच ठरव, दोन्हीत आम्हाला आनंद आहे. पण ‘कोणी वाचत नाही’ हे कारण त्यात असेल, तर तेवढं खोड. मी वाचलंय.

तुझाच,
सुट्टीवर निघालेला
बाबा