टान्ट मिमी कोरडी होणार

सोमवार, १ सप्टेंबर. सकाळी

इथे दक्षिण गोलार्धात वसंताचा पहिला दिवस. नव्या कामाला योग्य.

संकल्प: या महिन्यात टान्ट मिमीची गळती कायमची बंद करणे.

टान्ट मिमी म्हणजे पांची, माझ्या वडिलांची, मोटारसायकल. माझ्याहून वयाने मोठी, म्हणून टान्ट, मावशी. लांबच्या प्रवासाची गाडी. दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना कानांसारखे बाहेर आलेले. रोज सकाळी तिच्याखाली तेलाचा एक थेंब असतो. मसुरीएवढा. मा, म्हणजे माझी आई, तिने अंगणात नव्या फरश्या बसवून घेतल्या आहेत. तिचं म्हणणं, आता फरशी राहील किंवा थेंब.

पण खरं कारण ते नाही. २६ तारखेला समुद्रावर क्लबचा मेळावा आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून पा दरवर्षी जातात. हल्ली त्यांना समोर बघितलं की मधोमध धुकं दिसतं, आणि पुढच्या वर्षीपर्यंत किती दिसत राहील हे डॉक्टर सांगत नाहीत. म्हणून यंदा गाडी मी चालवणार, पा मागे बसणार. घाट उतरताना एका वळणावर समुद्र अचानक पुढ्यात येतो, तो त्यांना अजून एकदा बघायचा आहे.

माची अट: गळक्या गाडीवरून माझा नवरा आणि माझी मुलगी घाट उतरणार नाहीत. २४ तारखेला सकाळी, रात्रभर गाडीखाली ठेवलेला पुठ्ठा बघू. कोरडा असेल तर जा. नाहीतर बेरेंडकाकांच्या पिकअपमधून, आणि गाडी ट्रेलरवर.

ट्रेलरवर! ट्रेलरवरून आलेल्याचं नाव मेळाव्यातल्या हजेरीत घेत नाहीत. हा नियम पांनीच केलेला आहे.

वेळ भरपूर आहे.

संध्याकाळी

संपूर्ण तपासणी केली. आणि काय सापडावं? इंजिनाच्या मागे एक रबरी नळी, तोंड उघडं, आतून तेलकट वाफ. इतक्या वर्षांत कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझी सगळी शाळा घरीच झाली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आणि माचा पहिला धडा हाच होता की उघडं दिसेल ते बंद करावं. फाटक, बरणी, तोंड.

माच्या थर्मासचं रबरी बूच जरा जाड होत होतं. सुरीने तासलं, नळीत बसवलं, वर क्लॅम्प आवळला. माला विचारणार होते, पण ती बायबल वाचत होती. उद्या सांगेन. पांनाही सांगितलं नाही. केलेलं चांगलं काम सांगत सुटू नये.

मंगळवार, २ सप्टेंबर

नळीतून काहीही येत नाही. विजय.

डाव्या सिलिंडरच्या झाकणाखाली मात्र दोन थेंब. जुनं पॅकिंग, होणारच.

बुचाचं सांगायला गेले, पण मा आधीच चिडली होती. थर्मासवरूनच. चिडलेल्या माणसाला खरं सांगणं म्हणजे त्याला पापात ढकलणं. थांबले.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

नवं पॅकिंग बसवलं. पा म्हणाले सीलंट अगदी पातळ लाव, कंजूस बाई पावाला लोणी लावते तसं. मी जाड लावलं. पातळ लावायचं ते ज्यांना काळजी नाही त्यांनी.

डावी बाजू ठणठणीत कोरडी. आता उजवी गळते. म्हणजे तेलाला डावीकडून वाट मिळत नाही, म्हणजेच डावीकडची दुरुस्ती उत्तम झाली.

पांनी विचारलं, "कोरडी आहे का गं?"

मी म्हणाले, "ट्रे स्वच्छ आहे, पा."

यात खोटं काही नाही. गाडीखालचा तो ट्रे मी नुकताच पुसला होता.

रविवार, ७ सप्टेंबर

माने थर्मासच्या तोंडात फडकं कोंबून कॉफी चर्चला नेली. कॉफी गायनाच्या वह्यांवर सांडली. गाडीत बसल्यावर मा म्हणाली की या घरात बुचांना पाय फुटतात. मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते, मध्येच बोलणं बरं दिसलं नसतं.

पॅकिंगसाठी प्रार्थना करावी का? बराच विचार केला. जगात दुष्काळ आहे, आजार आहेत. फक्त उजव्या बाजूपुरतं मागितलं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

उजवी बाजू बंद. प्रार्थना पोचली.

आता खालून, तेलाच्या चेंबरमधून. बहुतेक मी फक्त उजवीचं नाव घेतलं म्हणून.

बेरेंडकाका कुंपणाशी थांबले. ते क्लबचे प्रमुख, पांचे शाळेपासूनचे मित्र, आणि काम नसताना कुंपणाशी थांबणं हे त्यांचं मुख्य काम. म्हणाले, "काय एल्झान, मावशीला सर्दी झाली वाटतं. नाक वाहतंय." मी म्हणाले आता शेवटचंच राहिलंय. त्यांनी विचारलं, मी एकदा हात घालून बघू का? नको म्हणाले. एवढं सगळं केल्यावर शेवटच्या कामात दुसऱ्याचा हात कशाला? जाताना सांगून गेले की ट्रेलरच्या चाकांत हवा भरून ठेवतो.

त्यांच्याशी नम्रपणे वागण्याचा संकल्प पुढच्या आठवड्यापासून.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

चेंबरचं पॅकिंग नवं. चाचणीसाठी मेंढ्यांच्या पाणवठ्यापर्यंत गेले. वाटेत तेल बघायची काडी आपोआप उडून बाहेर आली आणि माझा एक बूट भरला.

आधी घाबरले. मग लक्षात आलं: इंजिनात एवढा जोर आहे! या वयात! तब्येत चांगली असल्याशिवाय होणार नाही. काडी तारेने बांधून टाकली.

वोल्की, आमची पांढरी कुत्री, गाडीखाली झोपते. पाठीवर काळा पट्टा. तिला आंघोळ घातली. संध्याकाळी ती पांच्या पायाशी जाऊन बसली. पा म्हणाले वोल्कीला साबणाचा वास येतोय. मी म्हणाले हो. ते म्हणाले, या आठवड्यात दुसऱ्यांदा. मी म्हणाले हो. मग ते बराच वेळ तिच्या कानामागे खाजवत बसले.

मंगळवार, १६ सप्टेंबर

बेरेंडकाका म्हणाले मावशीला लंगोट बांध. राग आला. मग दिवसभर विचार केला.

दुकानातून बाळांचे डायपर आणले, सगळ्यात मोठा आकार. काउंटरवरच्या बाईने माझा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं की कधीची तारीख आहे. खरं सांगितलं असतं तर गळतीची बातमी संध्याकाळपर्यंत पांच्या कानावर गेली असती. मी म्हणाले, २६ची, पण अजून कुणाला सांगू नका.

पुन्हा वाचून बघितलं. एक शब्दही खोटा नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

तिने सांगितलं. पाद्रीबाईंनी मोजे विणायला घेतले आहेत.

माने मला शाळेच्या जुन्या जागी बसवलं, खिडकीकडे पाठ करून. डायपर कुणाला बांधलेत ते मी सांगितलं. मा डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "बाळ परवडलं असतं. ते दोन-तीन वर्षांत तरी कोरडं होतं."

पांना सांगू नकोस म्हणून हातापाया पडले. ती म्हणाली, मी कशाला सांगू? तू सांगशील. तिच्या आवाजात तो गणिताच्या तासाचा सूर होता, उत्तर माहीत असून वाट बघण्याचा. बुचाचंही तेव्हाच सांगून टाकायचं होतं. पण एका दिवशी एकच कबुली पुरे.

पांना उद्या सांगेन.

रविवार, २१ सप्टेंबर. दुपारी

नाही सांगितलं.

पा शेडमध्ये दोन्ही हेल्मेट पुसत बसले होते, बोटांनी चाचपत. मग म्हणाले मागे बसायची सवय करतो. गाडी स्टँडवर होती. ते चढले, उतरले, परत चढले. चाळीस वर्षं पुढे बसलेला माणूस, मागे पाय कुठे ठेवायचे ते त्यांना सापडेना. मी त्यांचा पाय धरून फूटरेस्टवर ठेवला. फूटरेस्टला तेल होतं. बाहीने पुसलं.

ते वळणाबद्दल सांगत होते. तिथे एक पांढरा दगड आहे, तो दिसला की वेग कमी कर, घाई करू नकोस. मी हो म्हणाले. अशा वेळी कोण सांगू शकेल?

आता इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधूनही येतंय. एकूण किती ठिकाणांहून गळतंय ते इथे लिहीत नाही. लिहिलं की खरं होतं.

मंगळवार, २३ सप्टेंबर. दुपारी

दोन डायपर लागतात. सगळं नवं बसवलं आहे, सगळं दोनदा आवळलं आहे, आणि तीन आठवड्यांपूर्वी जिथून एक थेंब पडत होता तिथून आता धार लागते. माझे हात साबणाने जात नाहीत. आज देवाला म्हणाले की मी काय चुकतेय ते दाखव. काही दाखवलं नाही.

पण एक सुचलं. माची अट अशी की पुठ्ठा कोरडा हवा. इंजिनात तेल हवं असं ती म्हणालेली नाही.

सगळं तेल डब्यात काढून घेतलं. उद्या पुठ्ठा बघून झाला की परत ओतायचं. अगदी साधं. मन शांत आहे. हात तीनदा धुतले.

बुधवार, २४ सप्टेंबर. सुट्टी

पुठ्ठा कोरडा. माने तो उलटूनही बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे.

पा उकिडवे बसले आणि पुठ्ठ्यावरून तळवा फिरवला, कडेपासून कडेपर्यंत. "एकही थेंब नाही?"

"एकही नाही, पा."

मला वाटलं होतं ते हसतील. ते म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा." आणि तसेच बसून राहिले, घरात कुणी आजारी असल्यासारखे.

दुपारी बेरेंडकाका मटण भाजायला आले. निखाऱ्यांवर सॉसेज उलटता उलटता म्हणाले, मग ट्रेलर सोडवतो आता. पा म्हणाले, "राहू दे लावलेला."

वयामुळे मन शंकेखोर होतं.

तेल परत ओतलं. वरून जास्तीचं घातलं.

शुक्रवार, २६ सप्टेंबर. रस्त्याच्या कडेला

निघालो. मा फाटकाशी उभी होती. गाव मागे पडेपर्यंत सगळं छान.

मग तार तुटली. काडी तोफेच्या गोळ्यासारखी उडाली. त्यापाठोपाठ गिअरबॉक्सजवळून तेल मागच्या चाकावर आलं आणि चाक सरकलं. कशी थांबवली मला माहीत नाही. पडलो नाही. पांची पॅन्ट गुडघ्यापर्यंत काळी. आसपास झाड नाही, घर नाही, फक्त कुंपण.

पा खाली उतरले. गुडघ्यांवर बसून, आजारी गाईला चाचपावं तसे इंजिनावरून हात फिरवत गेले. इथे, म्हणाले. इथे. इथेही. मग हात मागे गेला आणि थांबला.

"हे काय आहे?"

मी म्हणाले बूच आहे. कुणीतरी नळी उघडी ठेवली होती.

"कधी लावलंस?"

एक तारखेला.

पांनी क्लॅम्प सैल केला आणि बूच ओढलं. कुणीतरी सुस्कारा सोडावा तसा आवाज झाला.

"ती इथून श्वास घेते, बाळा," पा म्हणाले. "नाक दाबल्यावर तोंड उघडणारच."

मग मी सगळं सांगितलं. ट्रे, वोल्की, डायपर, पुठ्ठा. रडत सांगितलं, क्रम चुकला, परत पहिल्यापासून सांगितलं. पा ऐकत होते. म्हणाले, पहिल्या आठवड्यापासून वास येतोय मला, माझे डोळे गेलेत, नाक नाही. मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"तू सांगशील म्हणून थांबलो. सांगितलं असतंस तर बूच हाताला लगेच लागलं असतं."

बेरेंडकाकांना फोन केला. ते फारच लवकर आले. ट्रेलर लावलेलाच होता.

शनिवार, २७ सप्टेंबर. समुद्रावर

काल पिकअपमध्ये मी मध्ये बसले, पा डाव्या खिडकीशी. बेरेंडकाकांनी वाटभर एकही टोमणा मारला नाही. ते सगळ्यात वाईट.

पांढऱ्या दगडाशी त्यांनी वेग कमी केला. समुद्र डावीकडे एकदम उघडला. पा मात्र समोर बघत होते, सरळ काचेतून, डोंगराकडे. मी म्हणाले पा, डावीकडे, डावीकडे बघा.

ते म्हणाले, "गप्प बस जरा. सरळ बघितलं की जातं. कडेने दिसतंय."

घाट संपेपर्यंत ते तसेच डोंगराकडे बघत समुद्र बघत होते. गाडीवर असतो तर त्यांच्यासमोर माझं हेल्मेट असतं, आणि मान फिरवली असती तर समुद्राच्या जागी धुकं. हे महिनाभरात माझ्या एकदाही मनात आलं नाही. मी पॅकिंगमध्ये होते.

जेवणानंतर हजेरी झाली. पांच्या नावापाशी बेरेंडकाका अडखळले. पा म्हणाले, "पुढचं नाव घे."

घेतलं.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

आठवडाभर पा शेजारी स्टूल घेऊन बसले, हाताने बघून सांगत गेले, मी करत गेले. सीलंट पातळ. नळी उघडी.

आज सकाळी ट्रेमध्ये एक थेंब. मसुरीएवढा.

पांनी विचारलं, "कोरडी का?"

"नाही, पा. एक थेंब आहे. पहिल्या जागी."

"मग आत तेल आहे म्हणायचं," ते म्हणाले, आणि कॉफीत टोस्ट बुडवला.

नाश्त्यानंतर माला बुचाचं सांगितलं. तिने हात पुढे केला. मी बूच घासून, उकळून दिलं. तासलेलं असल्यामुळे ते थर्मासच्या तोंडातून सरळ आत पडलं. बाहेर निघत नाही. फडकं लावलं तरी कॉफी गळते.

पा म्हणतात, एल्झान, हात लावू नकोस. पण काम अगदी थोडं आहे.

थर्मासखाली ट्रे ठेवला आहे.