केसरची शेपटी

९ डिसेंबर, सोम.
केसर आली. दोन तास टेबलावर. पाठ, कान पटकन झाले, वेळ गेला शेपटीवर. पुण्यात कुत्र्यांचं ग्रूमिंग शिकले तेव्हा कॉकर स्पॅनियल सगळे शेपटी कापलेलेच यायचे. बोटभर खुंट, गोल कातरला की संपलं. पूर्ण शेपटीचं कुणी शिकवलंच नाही. माझं मीच ठरवत आलेय. बुडाशी झालर लांब, पुढे निमुळती, टोकाला एक केस लोंबता नको. मागच्या पायांच्या केसांशी मेळ बसला नाही तर शेपटी उसनी आणून लावल्यासारखी दिसते.
ही शेपटी आहे ती माझ्यामुळे. दोन वर्षांपूर्वी खंडेलवालजींच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली, तिसऱ्या दिवशी चौघांच्या कापल्या. पाचवीची मी हट्टाने ठेवायला लावली. ती केसर.
आज नेताना म्हणाले, "दीदी, तीन शो हो गए. इस बार भी कुछ नहीं आया तो मैं अपने हिसाब से देखूँगा." त्यांची मुलगी पलक (बारावी, डॉग शोच्या रिंगमध्ये केसरला तीच फिरवते) खाली बसली. केसरच्या गळ्याखाली खाजवत राहिली.

१६ डिसेंबर, सोम.
थंडी वाढली. विद्याधर नगरात सकाळी नऊपर्यंत धुकं. सुधीरच्या बँकेत बदल्यांची चर्चा, मार्चमध्ये बहुतेक आपलीही. तीन वर्षांत इथे जम बसवला, आता परत पहिल्यापासून. विचार नको.
पलक केसरला घेऊन आली, पार्कात चालवून दाखवली. कॉकरची शेपटी चालताना सतत हलली पाहिजे, तीच त्याची शान. केसरची तर क्षणभर थांबत नाही. मी म्हटलं, परीक्षकाला दुसरं काही बघावंच लागणार नाही. पलक हसली. ही मुलगी क्वचितच हसते.

२१ डिसेंबर, शनि.
उद्या शो म्हणून सकाळपासून सहा कुत्री. केसर चौथी. तिला अंगभर शाम्पू लावून झाला आणि गीझर गेला. वरून, घरातून पाणी तापवून आणायचं तर अर्धा तास, बाहेर दोघं ताटकळलेले. टाकीचं पाणी सोडलं. गच्चीवरची टाकी. माझीच बोटं बधिर झाली. दाट केस, शाम्पू निघता निघेना. दहा मिनिटं तरी लागली. ती थरथरत उभी राहिली, कुरकुर नाही. मग ड्रायर, कातर, सगळं नीट. शेपटी इतकी सुंदर आजवर झाली नव्हती.
संध्याकाळी पलकचा मेसेज: मॅम, केसर ठीक से बैठ नहीं रही. लिहिलं, थक गई होगी.

२२ डिसेंबर, रवि.
जगतपुरा, कॉलेजचं मैदान. गाडीतून उतरली तेव्हाच दिसलं. बुडापासून दोन-तीन बोटं शेपटी आडवी, तिथून खाली सरळ लोंबती. ओल्या दोरीसारखी. पलक म्हणाली, सुबह से ऐसी ही है.
तरी रिंगमध्ये गेली. परीक्षकाने शेपटी हाताने उचलली, सोडली. पडली. केसर कळवळली. पुढच्या कुत्र्याकडे वळले.
नंतर तिथल्या डॉक्टरांनी दाबून पाहिलं. विचारलं, "तैरी थी क्या? ठंडे पानी से नहलाया?"
पलक लगेच, "नहीं सर, मॅम के यहाँ तो गीझर है."
मी तिथेच उभी. हातात ब्रश. बोलले नाही.
खंडेलवालजी गाडीत जाऊन बसले.

२३ डिसेंबर, सोम.
पुण्याच्या बाईंना फोन केला, ज्यांच्याकडे शिकले. सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "गार पाण्याने होतं गं असं, स्नायू आखडतात. विश्रांती, डॉक्टरांनी दिलेलं दुखण्याचं औषध. आठवड्यात हलवायला लागेल." मग म्हणाल्या, "मालकांना सांगितलंस ना?"
हो म्हटलं.
पलकला कळवलं, आठवड्यात बरी होईल. कशामुळे ते नाही.
सुधीरला सांगितलं. जेवता जेवता म्हणाला, "मग सांगून टाक."
"सांगितलं की एकही कुत्रं येणार नाही माझ्याकडे."
"मार्चमध्ये जायचंच आहे आपल्याला."
मला वाटलं होतं, तो नको सांगू म्हणेल.

२५ डिसेंबर, बुध.
सकाळी पलकचा व्हिडिओ. केसरने शेपटी थोडी उचलली. जेमतेम पाठीच्या खालपर्यंत, पण उचलली. पाच वेळा पाहिला. हार्ट पाठवलं.
अकराला खं.जींचा फोन. "दीदी, पूँछ जन्म से ही कमज़ोर है. कटवा देते हैं. डॉक्टर तो मना कर रहे हैं, इधर फ़ैक्टरी के पास एक आदमी कर देता है."
म्हटलं, एक हफ़्ता रुकिए. ठीक हो रही है.
"आपने दो साल पहले भी रोका था."
तेव्हाच बोलायचं होतं. कमज़ोर नाही, मी गार पाणी ओतलं, एवढंच. "सोच लीजिए," म्हणाले मी. फोन ठेवला. उद्या प्रत्यक्ष जाऊन सांगायचं ठरवलं. समोरासमोर बरं, असं स्वतःला पटवलं.

२६ डिसेंबर, गुरु.
रिक्षाने विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीत. त्यांचा पंपाच्या सुट्या भागांचा कारखाना, आवाजात काही ऐकू येत नाही. ऑफिसात बसवलं, चहा मागवला. रस्ताभर वाक्य जुळवलं होतं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "हो गया दीदी. कल शाम को ही करा दिया."
पलकला माहीत होतं? "कोचिंग में थी. रो रही है, मान जाएगी."
चहा संपवला. परत आले. वाक्य तसंच.

२९ डिसेंबर, रवि.
दोन पूडल, एक लासा. गीझर दुरुस्त झाला, वाफाळतं पाणी. प्रत्येक वेळी आधी कोपराने बघते.
पलक फोन उचलत नाही.

२ जाने., गुरु.
पलकनेच फोन केला. जखम चिघळली, पू, ताप. आता चांगल्या डॉक्टरांकडे नेलंय. भोवतीचे केस काढायला हवेत, पण केसर कुणाला हात लावू देत नाही. मॅम, आप आएँगी?
गेले. टेबलावर आडवी, डोळे अर्धवट. मला हात लावू दिला. केस रक्ताने चिकटलेले, कोमट सलाइनने भिजवत भिजवत काढले. बुडाशी अंगठ्याएवढं उरलंय, तेही काळं पडलेलं. पलक डोकं धरून होती. डॉक्टर तिला सांगत होते की पूँछ में कोई ख़राबी थी ही नहीं.
ते बाहेर गेल्यावर पलक म्हणाली, "तो शो में क्या हुआ था?"
सांगितलं. गीझर, टाकी, दहा मिनिटं, सगळं. मैदानात गप्प राहिले तेही. पंचवीस तारखेचा फोनही.
तिने हात काढला नाही. मग केसरकडे बघतच म्हणाली, "उधर भी थोड़े बाल रह गए हैं."
ते काढले.
निघताना दारात म्हणाली, "पापा को आप बोलेंगी या मैं?"
मी.

३ जाने., शुक्र.
खं.जींना सकाळी दोनदा फोन. तिसऱ्यांदा उचलला. भेटायचंय म्हटलं. विचारलं, कशाबद्दल. केसरबद्दल, इतकंच म्हणाले.
"शाम को क्लिनिक पर ही आ जाइए," म्हणाले. आवाज उतरलेला. "बुखार नहीं उतरा. डॉक्टर कह रहे हैं, थोड़ा और काटना पड़ सकता है, उसके बाद भी पक्का नहीं. पलक वहीं बैठी है, कल से खाना नहीं खाया उसने."
दुपारची दोन कुत्री उद्यावर ढकलली. सुधीर म्हणाला, मी येऊ का. नको म्हटलं.
साडेचार झालेत. पलकसाठी डब्यात पोळी-भाजी भरलीय. घेईल की नाही कोण जाणे. निघते.