पुढची डावी कडी

३ फेब्रुवारी, सोमवार
वजन ११८.२ (बुटांसकट. बूट जड आहेत.)

आज पहिली सुई. पोटाला, आठवड्यातून एकदा, आपली आपण टोचायची. दुखलं नाही. म्हणजे दुखलं, पण मी आवाज केला नाही. बिर्थे म्हणते केला. नवऱ्याच्या धैर्याची कदर बायकांना नसतेच.

डॉक्टर आने हिला अठरा वर्षांपूर्वी गाडी चालवायला मीच शिकवलं. पहिल्या परीक्षेत नापास झाली होती, पार्किंगमध्ये. ती आज मला शिकवत होती. औषधाने भूक मरेल, वजन उतरेल, पण चरबीबरोबर स्नायूही उतरतील, तेव्हा व्यायाम निवडा. कोणता, विचारलं. कोणताही, म्हणाली, फक्त निवडा, एगॉन. ही काय सल्ला द्यायची रीत झाली? चौतीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवलं, कोणाला कधी ‘कुठेही वळ’ म्हणालो नाही.

मग खुर्चीची टेस्ट. हात छातीवर घ्यायचे आणि तीस सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं ते मोजायचं. नऊ. माझ्या वयाला चौदा तरी हवेत म्हणे. वय त्रेसष्ट. खुर्ची फार बुटकी होती.

संकल्प: रविवारपर्यंत व्यायाम निवडणे.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४

होल्गर येऊन गेला. माझा थोरला भाऊ, सत्तरीचा. जन्म घरसामान हलवायच्या धंद्यात गेला. पियानो जिन्यावरून उतरवायचा तर लोक त्याचं नाव घ्यायचे. माणूस दारातून आत आला की तो किती उचलेल हे मला कळतं, असं नेहमी म्हणतो.

कॉफीचा दुसरा कप ओतता ओतता म्हणाला, फुप्फुसात आहे, पसरलाय, डॉक्टर पानगळीपर्यंत म्हणतात. बिर्थेने केकची सुरी खाली ठेवली. तर हा म्हणतो, अगं काप की, केकला काही झालेलं नाही.

मग माझ्याकडे वळला. शवपेटीला सहा कड्या असतात, म्हणाला, पुढची डावी तुझी. बाबांच्या वेळीही तिथे तूच होतास. चर्चच्या दारापासून आई-बाबांच्या थडग्यापर्यंत चढावर अठ्ठेचाळीस पावलं आहेत, मी मोजलीत. उचलशील ना, धाकट्या?

मी म्हणालो, आत्ता उचलतो. तो म्हणाला, आत्ता नको, कॉफी संपू दे. आणि उचलशील तेव्हा पाठीने नाही, पायांनी.

तो गेल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. मग शपथ घेतली. त्या खुर्चीतून पंधरा वेळा उठणार. वीस वेळा. व्यायाम अजून निवडलेला नाही, कारण आता तो नीट विचार करून निवडायला हवा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं! फ्योर्डच्या थंड पाण्यात पोहणे. रोज सकाळी. दुकानात जाऊन जाड झगा, लोकरीची टोपी, रबरी चपला घेतल्या. मग क्लबला फोन केला. अडीच वर्षांची वेटिंग लिस्ट. मी तयार आहे, समाज तयार नाही.

बिर्थे म्हणाली, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. झगा घालून पेपर वाचला. ऊब छान आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार
वजन ११४.९

मळमळ. बिस्किटाच्या फोटोनेही मळमळतं. अशा अवस्थेत व्यायाम धोक्याचा असू शकतो. आनेला फोन केला. ती म्हणाली, धोक्याचा नाही. ती अजूनही पार्किंगचा राग धरून आहे.

५ मार्च, बुधवार

सायकल. बॅटरीवाली, पण मोटर फक्त चढावर लावायची असा कडक नियम केला आहे.

६ मार्च, गुरुवार

समोरचा वारा हाही एक प्रकारचा चढच.

१४ मार्च, शुक्रवार. सकाळी

झालं ते असं. शाळेच्या हॉलमध्ये दर गुरुवारी सात वाजता पंचावन्नच्या पुढच्या पुरुषांचं जिम्नॅस्टिक असतं. नाव घातलं. काल पहिला दिवस. जाऊन बघतो तर वार्षिक सभा. टेबलावर राय ब्रेडचे तुकडे, वर लिव्हरचं वाटण आणि बेकन. वास नाकात गेला. मी उठलो आणि टॉयलेटकडे पळालो.

आमच्या देशात पोराटोरांनाही ठाऊक आहे की सभेत ‘निवडणूक’ हा विषय आला की जागचं हलायचं नाही. छप्पर पडलं तरी नाही; जो बाहेर जातो त्यालाच निवडतात. मी विषयपत्रिका वाचली नव्हती. तोंड पुसत परत आलो तर टाळ्या चालू. बिनविरोध अध्यक्ष, दोन वर्षांसाठी. समितीची बैठक दर गुरुवारी, सात वाजता, हॉलशेजारच्या खोलीत. म्हणजे व्यायामाच्याच वेळी.

होल्गरला फोनवर सांगितलं. तो इतका हसला की खोकला थांबेना. बघ, म्हणाला, आयुष्यात एकदा खुर्चीतून झटकन उठलास, तर दुसरी खुर्ची गळ्यात पडली.

१० एप्रिल, गुरुवार
वजन १०६.३

बैठकीचा विषय: हॉलमधल्या गाद्यांना नवी कव्हरं निळी की हिरवी. दाराला काच आहे. तिच्यातून मी बाविसाव्या मिनिटापासून सभासदांच्या उड्या बघत होतो. काही जणांचे गुडघे चुकीचे वाकतात. तसं नोंदवून घेतलं. उंटावरून शेळ्या हाकतोस, असं बिर्थे म्हणते. पण नुसतं बघूनही स्नायूंना काहीतरी होत असणारच. मला आज पोटऱ्यांत जाणवलं.

पुढच्या गुरुवारी केकची पाळी माझी. (तो ईस्टरचा गुरुवार, सुट्टी. सुटलो.)

४ मे, रविवार
वजन १०१

रिक्केने जेवायला बोलावलं होतं. रिक्के ही होल्गरची मुलगी. शाळेत हँडबॉल शिकवते, दंड माझ्या मांडीएवढे. होल्गरच्या आवडीचं केलं होतं, डुकराच्या कुरकुरीत चकत्या, बटाटे, वर पांढरा पार्स्ली सॉस. पूर्वी आम्ही भाऊ याच्यावर पैजा लावायचो. होल्गरचा आकडा एकोणीस, माझा सतरा.

होल्गरने एका चकतीचे आठ तुकडे केले आणि ते ताटात फिरवत बसला. मीही तेच करत होतो. दोघांनी एकदमच वर पाहिलं. तो म्हणाला, माझी भूक आपोआप गेली, तू तुझी सुई टोचून मारलीस, आईने दोघांनाही चोपलं असतं. रिक्के स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ वाहत राहिला. आमच्या घराण्यात नळ फार लागतात.

मला लाज वाटली. भयंकर लाज वाटली. माझा भाऊ एक घास उतरावा म्हणून धडपडतो आहे आणि मी पट्ट्याला नवं भोक पाडलं म्हणून सकाळी आरशासमोर शीळ घालत होतो.

निघताना म्हणाला, व्यायाम काय निवडलास? अध्यक्षपद, मी म्हणालो. तो हसला नाही. म्हणाला, पेटी रिकामी असली तरी जड असते रे, ओकची घेतली आहे मी, हौसेने.

उद्या सोमवार. उद्यापासून रोज खुर्ची. तीन फेऱ्या.

५ मे, सोमवार

बँकेला सुट्टी नाही, काही नाही, पण सोमवार फार लवकर आला. एक फेरी. आठ. फेब्रुवारीपेक्षा एक कमी! सतरा किलो कमी झाल्यावर उलट जास्त यायला हवेत. खुर्ची बदलून पाहिली. सात. खुर्च्यांचा दर्जा घसरला आहे.

१५ जून, रविवार

नवे बटाटे. पंधरा किलोंचं पोतं गाडीपासून स्वयंपाकघरापर्यंत आणायचं, पावलं एकवीस. दोनदा खाली ठेवलं. तिसऱ्यांदा बिर्थेने काखेत मारलं आणि फोनवर बहिणीशी बोलत आत नेलं. पोत्याला कड्या नसतात, पेटीला असतात. तुलनाच चुकीची आहे.

शेजारी म्हणाले, एगॉन, काय फिट दिसतोस. फिट! त्यांनी स्वतःहून म्हटलं.

१० जुलै, गुरुवार
वजन ९३.५

होल्गर १०१ किलोंचा होता, आता ६८. गेले ३३. सहा जणांत वाटले तर दर कडीमागे साडेपाच किलो कमी. म्हणजे मी काहीही न करता साडेपाच किलोंनी बळकट झालो.

हे लिहिलं आणि पान फाडून टाकावंसं वाटलं. असा विचार माणसाच्या डोक्यात येतो तरी कसा? फाडलं नाही. मागच्या बाजूला केकची कृती आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

होल्गर आता हॉस्पिसमध्ये. खिडकीतून जवाचं शेत दिसतं. उशीवरून घसरला होता. म्हणाला, जरा वर ओढ, धाकट्या. मी बगलेत हात घातले. ओढलं. पुन्हा ओढलं. तो तिथेच. माझे हात थरथरायला लागले आणि त्याला ते कळत होतं, माझे हात त्याच्याच अंगावर होते ना. शेवटी बेल वाजवली. शाळकरी मुलीएवढी एक नर्स आली, गुडघे वाकवले आणि एका झटक्यात त्याला वर घेतलं.

होल्गर डोळे मिटून म्हणाला, मीच फार जड झालोय.

पंचावन्न किलो. ज्या माणसाने जन्मात कोणत्याही वस्तूचं वजन खोटं सांगितलं नाही, त्याने आज सांगितलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

डंबेल्स घेतले. दोन, आठ-आठ किलोंचे. दुकानदाराने गाडीत ठेवून दिले.

आनेकडे गेलो. किती दिवसांत ताकद येईल, विचारलं. तीन महिने, म्हणाली, आणि पोटभर प्रथिनं. माझ्याकडे तीन महिने नाहीत, म्हणालो. तिने फेब्रुवारीबद्दल काही बोलायला तोंड उघडलं, पण बोलली नाही. तिचे आभार.

खुर्ची: सहा.

१९ ऑगस्ट, मंगळवार

डंबेल्स अजून गाडीतच आहेत.

३० ऑगस्ट, शनिवार

बिर्थेने ते आत आणले. पाच मिनिटं केले. मग दहा. आज खरंच केले, इथे खोटं लिहीत नाही. उद्याही करणार. होल्गरला सांगितलं. त्याने माझा दंड चाचपला आणि म्हणाला, हं. ते ‘हं’ मला आवडलं नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

खांदा धरला आहे. हात डोक्याच्या वर जात नाही. कडी डोक्याच्या वर नसते, तेव्हा काळजी नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

होल्गर गेला. पहाटे. रिक्के जवळ होती.

काल सुईचा दिवस होता. टोचली की नाही आठवत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या. काळा सूट बाहेर काढला. त्यात मी आणि आणखी एक माणूस मावेल. बिर्थेने कमरेला टाके मारले.

रिक्के फोनवर म्हणाली, काका, तुला जमेल ना? नाही जमलं तरी चालेल हं, कोणी काही म्हणणार नाही. मी म्हणालो, माझ्या भावाने मला सांगितलंय, मीच उचलणार. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, पायांनी उचल हं काका.

अठ्ठेचाळीस पावलं. घराच्या अंगणात चालून पाहिली. काहीच नाहीत.

१३ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळी ६

लिहायचं नव्हतं. पण इथे नाही लिहिलं तर कुठे लिहू?

गाणी झाली, पाद्रीबाई बोलल्या, छान बोलल्या. मग आम्ही सहा जण पुढे झालो. पुढची डावी. पितळेची कडी, गार. उचलली. उचलली गेली! मी मनात म्हटलं, होल्गर, बघ.

दारातून बाहेर आलो. खडीचा रस्ता सुरू झाला, चढ सुरू झाला. मी मोजत होतो. अकराव्या पावलाला बोटं बधिर झाली. सोळाव्याला दम लागला. एकोणिसाव्या पावलाला डावा गुडघा वाकला तो परत सरळ होईना. पेटी माझ्या कोपऱ्यात खाली गेली, वरची फुलं घसरली, मागून कोणीतरी आई गं म्हणालं. आणि त्याच क्षणी माझ्या हाताशेजारी कडीवर दुसरा हात होता. रिक्केचा. तिने हळूच म्हटलं, काका, सोड आता.

मी सोडली.

पेटी वर गेली, सरळ झाली, पुढे गेली. मी खाली पडलेली फुलं गोळा केली आणि मागून चालत राहिलो. एकोणतीस पावलं, फुलं घेऊन. ती मात्र मला उचलता आली.

नंतर कॉफी. लोण्याचे बन. सगळे जवळ येऊन खांद्यावर हात ठेवून सांगत होते, एगॉन, किती बारीक झालास, ओळखूच येत नाहीस.

रिक्केला बाजूला घेतलं. म्हटलं, तू इतक्या पटकन कशी आलीस? तू तर मागे बिर्थेबरोबर चालणार होतीस. तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. होल्गरचं मोठं, तिरकं अक्षर. कोणती गाणी, कोणता बन, कोण कुठे. ‘पुढची डावी कडी: एगॉन. उद्या त्याला विचारणार आहे. त्याच्याच्याने व्हायचं नाही, दारातून येतो तेव्हाच दिसतं. पण खुर्चीतून उठायला त्याला काहीतरी कारण पाहिजे. हे पुरलं तर बरंच. नाही पुरलं तर रिक्के, तू त्याच्या मागेच चाल. एकोणिसाव्या पावलाच्या पुढे त्याला जाऊ देऊ नकोस, तिथे चढ वाढतो.’

खाली तारीख होती. ८ फेब्रुवारी.

१४ सप्टेंबर, रविवार
वजन ८६.४ (बूट काढून)

गुरुवारी समितीची बैठक. केकची पाळी माझी.

बिर्थे बाहेर होती. स्वयंपाकघरातली खुर्ची घेतली, ती सगळ्यांत उंच. हात छातीवर. पाच वेळा उठलो. सहाव्या वेळी बसलो तो बसूनच राहिलो. हात टेकले असते तर उठता आलं असतं, पण टेकायचे नव्हते. अर्धा तास तसाच बसलो.

बिर्थे आली. पिशवी खाली ठेवली, माझ्या बगलेत हात घातले, गुडघे वाकवले आणि मला उभं केलं. पायांनी.